माझी रेघ आणि त्याचा ट्रॅक्टर

माझ्या धंद्यातलं एक दुखणं असं, की मी काय करतो हे सांगायला बसलो की समोरच्याचा चहा निवतो.

मी प्रोग्रॅम लिहितो, इथपर्यंत सगळ्यांना कळतं. पुढे मी म्हणतो, की मी जो प्रोग्रॅम लिहिलाय तो दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम जोडतो. इथे पहिला घोट थांबतो. मोठा प्रोग्रॅम कधी एकसंध लिहिलेला नसतो, त्याचे शेकडो तुकडे असतात. कुठला आधी, कुठला नंतर, कुठला बदलला म्हणून पुन्हा करायचा आणि कुठला कालचाच चालेल, हे बघून ते सगळे तुकडे जुळवून चालती वस्तू हातात देणारं एक हत्यार लागतं. तशी हत्यारं जगात बरीच आहेत. मला ती सगळी गचाळ वाटली, म्हणून मी माझं वेगळं केलं आणि इंटरनेटवर फुकट ठेवलं. इथपर्यंत येईतो चहावर साय धरलेली असते.

आईने एकदा नेट लावून ऐकलं होतं. सगळं ऐकून म्हणाली, "म्हंजे लग्नातला आचारी म्हण की."

"आचारी नाही गं. आचाऱ्याच्या हाताशी सामान देणारा. आता कांदा, आता मीठ, आता रस्सा उतरवा, असं सांगणारा."

आई म्हणाली, "त्येला पंगतीत कोण इचारतंय?"

आईला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही अशी माझी तोवर समजूत होती.

त्या हत्याराचं नाव मी इथे सांगत नाही. जाहिरात होईल म्हणून नव्हे. सांगूनही तुम्ही ते शोधणार नाही, आणि शोधलंत तर काय घोटाळा होतो तेच मला पुढे सांगायचंय. प्रोग्रॅम लिहिणारे लोक आपापलं काम जिथे ठेवतात तिथे आवडलेल्या कामाला तारा द्यायची सोय असते. माझ्या हत्याराला थोडे तारे होते. त्यातला एक मी स्वतः दिलेला, आणि दुसरा माझ्याच दुसऱ्या खात्यावरून. बाकीच्यांपैकी एकजण मला दर महिन्याला चुका कळवायचा. तो कुठल्या देशातला होता कोण जाणे, पण त्याच्या तक्रारीची मी माहेरच्या पत्रासारखी वाट बघायचो.

आता मित्राचं सांगतो. आमच्या शिवाजी पेठेतल्या गल्लीच्या तोंडाला त्याचं शिवणाचं दुकान आहे. फुटबॉलच्या संघांचे टी-शर्ट, चड्ड्या, पाठीवरचे नंबर, सगळं तो करतो. त्याच्या अब्बांनी तिथंच मशीन मारलं, त्यांच्या अब्बांनीही तिथंच. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. मी हुशार म्हणून पुढे शिकलो आणि तो हुशार म्हणून दुकानात बसला, असं तो सांगतो.

ह्या मित्राला शेतीच्या खेळाचा नाद. कॉम्प्युटरवरचा सिम्युलेशन गेम. ह्या खेळात कुणाला गोळी घालायची नसते. ट्रॅक्टर चालवायचा, नांगरायचं, ऊस लावायचा, तोडायचा, ट्रॉलीत भरायचा आणि कारखान्याच्या रांगेत जाऊन उभं राहायचं. होय, रांगेत. खऱ्या आयुष्यात जी रांग चुकवायला माणसं ओळखी काढतात, त्या रांगेत उभं राहायला लोक पैसे मोजून हा खेळ विकत घेतात. शिरोळकडच्या कुणी हौशी माणसाने त्यात आपल्याकडचा मुलूखही घालून दिला होता. तोच कॅनॉल, तशीच उसाची वाट, रस्त्यात बसलेली म्हैससुद्धा. मित्राच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. पण रोज संध्याकाळी सहाला दुकानातलं मशीन थांबवून तो कॉम्प्युटरसमोर बसायचा, आपला ट्रॅक्टर इंटरनेटवर थेट दाखवायचा आणि तोंडाने बडबड करत राहायचा. ती बडबड ऐकायला ही गर्दी! दुकानात दहाबारा माणसं, आणि बाहेर गावोगाव पसरलेली किती ते त्याच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसायचं. बायकोचे मामा शिरोळला राहतात. त्यांच्या दारात दोन खरे ट्रॅक्टर उभे आहेत. तेसुद्धा संध्याकाळी ह्याचा खोटा ट्रॅक्टर बघत बसतात. "डबल ट्रॉली मागं घ्यायची तर ह्या गड्यानं," असं त्यांनी एकदा माझ्या तोंडावर सांगितलं. माझ्या कामाबद्दल त्यांनी आजवर एवढंच विचारलंय, की त्यात डोळे खराब होत नाहीत का.

मला हेवा वाटायचा, हे आता लिहून टाकतो. तेव्हा मी त्याला तत्त्व म्हणायचो. रोज संध्याकाळी पाचला मी दुकानात जाऊन बसायचो, चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या, आणि सहाला तो स्क्रीनसमोर बसला की मी उठायचो. इतकी वर्षं गेली पण त्याचा कार्यक्रम मी एकदाही पाहिला नव्हता. लोकांनी आपला वेळ कसा घालवावा ह्यावर माझी मतं होती, आणि ती ऐकायला कुणी नसल्यामुळे ती चांगली मुरली होती.

असं सगळं बरं चाललेलं असताना पुण्याचा निरोप आला. लॉकडाऊनपासून मी पुण्याच्या कंपनीचं काम कोल्हापुरात घरी बसून करत होतो. आता दिवाळीनंतर सगळ्यांनी पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं, असं ठरलं. नाहीतर नोकरी सोडायची. शहराबाहेरच्या एका फाउंड्रीच्या मालकांनी मला त्याआधी बोलावलं होतं, कामगारांची हजेरी आणि मालाची बिलं सांभाळायचं सॉफ्टवेअर बघायला. मी हसून नाही म्हणालो होतो. जगाचे प्रोग्रॅम जोडणाऱ्या माणसाने फाउंड्रीतली हजेरी मांडावी? छे.

तिसरी एक वाट होती. फुकट वाटलेल्या उपयोगी प्रोग्रॅमना पैसे देणारी एक परदेशातली संस्था होती. तिला मी मागेच अर्ज केला होता. त्यांचं उत्तर आलं. हत्यार चांगलं आहे, म्हणाले. त्यावर दोन वर्षं घरी बसून काम करायला ते पैसे देणार होते, फक्त त्याबद्दल लोकांची उत्सुकता वाढते आहे असं दिसायला हवं. एक वेबसाइट आहे. तिच्यात एखादं नाव टाकलं की ते नाव जगात किती लोक शोधतायत त्याची रेघ निघते. ती रेघ आम्हाला दाखवा, मग बोलू.

मी बायकोला सगळं समजावून सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते.

"अहो, म्हणजे लोकांनी ते नाव शोधलं तर आपण कोल्हापुरात, आणि नाही शोधलं तर पुण्यात. एवढंच ना?"

"एवढं सोपं नाही ते."

"एवढंच आहे," ती म्हणाली आणि वह्या तपासायला बसली. तिची शाळा, आईचा ओळखीचा डॉक्टर, घर, गल्ली, सगळं त्या रेघेला टांगलेलं होतं. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण माझ्या डोक्यात भरलं होतं ते वेगळंच, की आता जगाला माझं काम आवडतं की नाही त्याचा निकाल लागणार. पुण्याला जायचंय का, हे तिला विचारायचं राहूनच गेलं.

त्या दिवसापासून मी रेघ बघायला लागलो. त्या वेबसाइटवर चारपाच नावं एकत्र टाकून तुलना करता येते. मी आधी माझ्या हत्याराशेजारी जगातली नावाजलेली हत्यारं टाकली. त्यांच्या रेघा वर, झोकात. माझी खाली तळाला, भिंतीकडेने मुंगी जावी तशी. मग मी बाकीची नावं काढून टाकली आणि एकट्याची रेघ बघितली. ती वेबसाइट सगळ्यात उंच जागेला शंभर धरते, त्यामुळे शर्यतीत एकटं धावलं की माझी रेघसुद्धा शंभराला टेकायची. पुढचे काही दिवस मी हाच आलेख बघत चहा प्यायलो आणि मला बरं वाटत होतं.

एके दिवशी काय बुद्धी झाली, त्यात मित्राचा ट्रॅक्टरचा खेळ टाकला. पडद्यावर एक रेघ पन्हाळ्याएवढी वर गेली आणि बाकी सगळं भुईसपाट झालं. सगळं म्हणजे सगळं. ज्या हत्यारांशिवाय बँकांचे प्रोग्रॅम होत नाहीत, दवाखान्यांचे होत नाहीत, आणि मजा म्हणजे तो ट्रॅक्टरचा खेळही तयार झाला नसता, ती थोर थोर हत्यारं एका ट्रॅक्टरखाली चिरडून तळाला गेली. माझं शून्य तर आधीचंच होतं. पण आता त्या थोरांचंही शून्य. मला खरं सांगायचं तर पहिल्यांदा समाधान वाटलं. मोठ्यांबरोबर आपटी खाण्यात एक इभ्रत असते.

ह्याच भरात मी तो आलेख घेऊन दुकानात गेलो आणि एक चूक केली.

"हे बघ," मी मित्राला म्हणालो, "तुझ्या ट्रॅक्टरनं आमची अख्खी जमात हरवली. हरलो आम्ही."

त्याने मशीनवरचा पाय थांबवला. "हरला?"

बाहेरच्या माणसाला सांगायला हवं, की आमच्या पेठेत हा शब्द गंमत म्हणून वापरत नाहीत. इथे फुटबॉलचा सामना हरला तर दोन दिवस गल्लीत कुणी मोठ्याने बोलत नाही. आपला कुणी हरतोय म्हटलं की ईर्ष्येने उठायचं, हे इथे पोरं चालायच्या आधी शिकतात. कशात हरतोय, त्या खेळाचे नियम काय, हे नंतर विचारलं तरी चालतं. मी जन्मभर पेठेत राहिलो, तरी मला हे त्या वेळी आठवलं नाही.

"ह्यात मोजत्यात काय?" त्याने विचारलं.

"किती लोकांनी नाव शोधलं ते."

"का शोधलं ते इचारत्यात?"

"नाही. फक्त किती."

"आणि न्हाय वाढलं तर?"

"मग दिवाळीनंतर पुणं."

"महिन्याभरासाठी?"

"कायमचंच म्हणायचं," मी हसत म्हणालो. तो हसला नाही. त्याने दाताने दोरा तोडला, हातातला टी-शर्ट बाजूला ठेवला आणि म्हणाला, "नाव कसं लिवायचं त्येचं? इंग्लिशमधी सांग."

मला भरून आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी स्पेलिंग विचारलं होतं. तिथल्याच एका कापडाच्या तुकड्यावर मी खडूने मोठ्या अक्षरांत नाव लिहून दिलं. त्याने तो तुकडा समोरच्या खिळ्याला अडकवला. मला वाटलं, आदर. सहा वाजले म्हणून मी नेहमीसारखा उठलो.

आणि पुढच्या आठवड्यात रेघ उठली.

मी तीनदा वेबसाइट उघडबंद केली. रेघ वरच. दुसऱ्या दिवशी आणखी वर. नावाजलेल्या हत्यारांपैकी एक म्हातारं हत्यार होतं, त्याच्या खांद्याला माझी रेघ लागली. ट्रॅक्टरचं नाव मी त्यात पुन्हा टाकलं नाही. कशाला उगाच?

त्या दिवसांत मी कसा वागलो ते आठवलं की आजही कानशिलं गरम होतात. पहिलं म्हणजे मी नम्र झालो. इतका नम्र, की लोक विचारायला लागले, बरं नाही का. भाजीवालीने "काय मग, कसं काय?" म्हटलं तर मी "चाललंय, लोकांचं प्रेम आहे," असं उत्तर दिलं. तिने कोथिंबीर जरा जास्त घातली, बहुतेक काळजीने. त्या संस्थेतल्या एक परदेशी बाई माझ्याशी बोलणार होत्या, त्यांना द्यायचं उत्तर मी घरी आरशासमोर घोकू लागलो. "मला स्वतःलाच आश्चर्य वाटतं." ते आश्चर्य चेहऱ्यावर आणायला मला बराच सराव लागला.

ह्याहून वाईट म्हणजे मी मित्राला उपदेश केला. मिसळ खाऊ घातली, वर एक वाटी जादा कटही घेतला, आणि म्हणालो, "हे बघ, लोकप्रियता येते आणि जाते. तुझ्या खेळाचं आज आहे, उद्या नसेल. माणसाने टिकाऊ काम करावं."

"व्हय की," तो म्हणाला आणि पाव मोडला.

"लोकांना आज ना उद्या कळतंच."

"कळतंय की." त्याने खाली बघून खाल्लं. तिखट लागलं म्हणून त्याचे डोळे पाणावलेत असं मला वाटलं. तो हसू दाबत होता हे मला पुढे कळलं.

बायकोला मी रोज जेवताना रेघेचा हिशेब द्यायचो. ती म्हणायची, "वाढली का? बरं झालं." आईसुद्धा विचारायला लागली, "आज किती झालं त्ये?" जगाबरोबर घरानेही मला ओळखलं, असं वाटून मी एक पोळी जास्त खायचो.

मग त्या बाईंबरोबर व्हिडिओवर बोलायचा दिवस आला. दुपारची वेळ होती. मी इस्त्रीचा शर्ट घातला, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. बाई बोलायला फार चांगल्या होत्या. रेघ बघून आनंद झाला, म्हणाल्या. मी आश्चर्याचा चेहरा केला.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "शिरोळ हे तुमच्याकडचं सॉफ्टवेअरचं मोठं केंद्र आहे का?"

"कुठलं?"

"शिरोळ. ही वेबसाइट गावंसुद्धा दाखवते. तुमच्या हत्याराबद्दल सगळ्यात जास्त उत्सुकता तिथे आहे. त्याखालोखाल निपाणी, कागल, पन्हाळा. शिरोळमध्ये काय आहे?"

मी शर्टाची कॉलर सारखी केली आणि म्हणालो, "ऊस."

"आणि पन्हाळ्यात?"

"किल्ला आहे. हवा थंड असते."

त्यांनी ते लिहून घेतलं. ते लिहून घेणं मी अजून विसरलेलो नाही. मग त्यांनी सौम्य आवाजात आणखी एक सांगितलं, की हा शोध रोज संध्याकाळी एकाच सुमाराला होतो आणि मग एकदम थांबतो. शिवाय हे नाव शोधणारी माणसं त्याच वेळी आणखी एक गोष्ट शोधतात. त्यांनी ती अडखळत वाचून दाखवली. डबल ट्रॉली.

त्या संध्याकाळी मी दुकानात गेलो. सहा वाजले. मी उठलो नाही.

"आज बसलायस?" मित्राने विचारलं.

"बघतो म्हटलं जरा, तुझं काय असतं ते."

त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, खिळ्यावरच्या कापडाकडे एकदा बघितलं, आणि मग काय होईल ते होवो अशा चेहऱ्याने ट्रॅक्टर सुरू केला. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन तो कॅनॉलच्या कडेने निघाला. चालवतो मात्र सुरेख, हे मला कबूल करावं लागलं. म्हशीपाशी हॉर्न दिला, वळणावर मागच्या ट्रॉलीचा अंदाज घेतला, आणि कारखान्याच्या फाटकासमोर रांगेच्या शेवटी जाऊन थांबला.

"तर मंडळी," तो माइकमध्ये म्हणाला, "रांग मोठी हाय. गाडी पुढं सरकूस्तवर आपलं रोजचं काम. काढा फोन."

दुकानातल्या सगळ्यांनी खिशातून फोन काढले. माझ्याकडे कुणी बघेना. मित्राने कापडावरचं एकेक अक्षर वाचून दाखवलं, पाठीवर नाव छापायच्या आधी गिऱ्हाईकाला वाचून दाखवतो तसं. "झालं का? शिरोळकर, काल तुमचा जोर कमी पडला. निपाणीवाली पुढं गेल्यात, लाज राखा. आपला माणूस हाय. जायाला नको."

हरण्याजिंकण्याची सगळी व्यवस्था लावलेली होती. शिरोळ विरुद्ध निपाणी असा सामना चालू होता, आणि माझं हत्यार हा त्यातला चेंडू होता.

मी ओरडलोच. "लेका, ही फसवणूक आहे!"

त्याने माइक बंद केला. "कुणी फसीवलं? नाव शोधायचं हुतं, शोधलं. त्यात खोटं काय हाय?"

"अरे, लोकांना माझं हत्यार आवडतं असं दिसायला हवं होतं."

"हत्यार कुणाला ठावं हाय हितं? मला तरी ठावं हाय काय? हजारदा सांगिटलंस तू, मला एकदा बी कळलं न्हाय." मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "तू जायाला नको हुतास. बास."

तेवढ्यात स्क्रीनवरची रांग पुढे सरकली, आणि मागचे ट्रॅक्टर खोळंबू नयेत म्हणून तो वळून गाडी पुढे घ्यायला लागला.

मला राग आला होता. लाज त्याहून जास्त वाटत होती. मिसळीवरचा तो उपदेश आठवत होता. आणि ह्या दोन्हींच्या खाली मला फार बरं वाटत होतं. इतकं बरं, की ते कुणाला दिसू नये म्हणून मी राग तसाच धरून ठेवला आणि पाय आपटत घरी आलो.

बायकोने चेहरा बघून ओळखलं. "कळलं वाटतं."

"तुला माहीत होतं?"

"आमच्या शाळेतल्या सगळ्या बाई शोधतात. मी फोनवरून एकदा आणि शाळेच्या कॉम्प्युटरवरून एकदा."

आतून आई म्हणाली, "मी फोनला त्वांडानं सांगतीया. त्यो म्हणतोय समजलं न्हाय, पुन्हा बोला. मी पुन्हा बोलतीया."

मी खुर्चीत बसलो. "म्हणजे जगात एकालाही..."

"अहो, जगाचं सोडा," बायको म्हणाली. "मला पुण्याला जायचं नाहीये."

"मग सांगायचंस की."

"रोज सांगत होते. तुमच्या त्या रेघेवर."

इतके दिवस मी ती रेघ जगाने मला दिलेलं प्रशस्तिपत्रक म्हणून वाचत होतो. लिहिणाऱ्यांना तसं काही म्हणायचंच नव्हतं. त्यांना हत्यार चांगलं की वाईट ह्याच्याशी देणंघेणं नव्हतं. मी नालायक निघालो असतो तरी त्यांनी शोधलं असतं.

परदेशातल्या बाईंना मी खरं काय ते लिहून कळवलं. ट्रॅक्टर, रांग, शिरोळ, निपाणी, सगळं. त्यांचं उत्तर दोन दिवसांनी आलं. अशा परिस्थितीत संस्थेला पैसे देता येणार नाहीत, त्याचं वाईट वाटतं, असं त्यात होतं. शेवटी एक ओळ जादा होती. त्या खेळाचं नाव कळेल का, म्हणून. मी कळवलं. निदान त्याचा तरी एक प्रेक्षक वाढला.

मग मी फाउंड्रीच्या मालकांकडे गेलो. मागच्या वेळी ज्या हसण्याने नाही म्हणालो होतो, ते हसणं घरी ठेवून गेलो. पगार पुण्याच्या मानाने कमी आहे, आणि हजेरीचं सॉफ्टवेअर वाटलं होतं त्यापेक्षा अवघड आहे, कारण माणसं तुकड्यांसारखी क्रमाने येत नाहीत. सकाळी स्कूटरवरून जातो, पाचला मित्राच्या दुकानात परत. सहानंतरही बसतो आता. दर महिन्याला चुका कळवणाऱ्या त्या माणसाला अजून उत्तरं देतो. रेघ परत तळाला गेली. आईला मात्र थांबवायला दोनतीन दिवस लागले.

फाउंड्रीत लागून आठवडा झाला असेल. सकाळी बायकोने हाक मारून खिडकीपाशी बोलावलं. गल्लीच्या तोंडाला, जिथे एरवी वाढदिवसाचे आणि निवडून आलेल्यांचे फलक लागतात, तिथे एक भला मोठा फ्लेक्स लागला होता. एका बाजूला हिरवा ट्रॅक्टर, डबल ट्रॉलीसकट. माझ्या हत्याराचा फोटो कुणाला मिळणार होता? दुसऱ्या बाजूला मी, लग्नातल्या फोटोतला, फेटा बांधलेला, डोक्यावर आतापेक्षा पुष्कळ केस आणि चेहऱ्यावर आतापेक्षा पुष्कळ अक्कल. मधे लाल अक्षरांत लिहिलं होतं: पुण्याला न गेल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. खाली, शुभेच्छुक, समस्त गल्ली.

माझ्या एवढ्या वर्षांच्या कामाबद्दल त्यात एक शब्द नव्हता. मी भाजीच्या निमित्ताने खाली उतरलो आणि त्या फ्लेक्सखाली रेंगाळलो. डोळे भरून आले होते म्हणून वर बघत राहिलो.

एक माणूस मोटारसायकलवरून आला. बाहेरचा दिसत होता. त्याने गाडी थांबवली, फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला आणि मला विचारलं, "पावणं, हे कोण म्हणायचं? काय केलंय ह्यांनी?"

फोटोतला मी त्याच्या शेजारीच उभा आहे हे त्याला ओळखता आलं नाही. मी त्याला सांगायला तोंड उघडलं. हत्यार, तुकडे, क्रम, सगळं जिभेवर आलं.

"काय न्हाय," मी म्हणालो. "हितंच ऱ्हायलाय."

"व्हय?" त्याने पुन्हा एकदा फोटोकडे बघितलं. "मग बरं केलं की," म्हणाला, आणि किक मारून निघून गेला.